चिमीची आई

“चिमीची आई इथंच भेटतात का?”

जिना चढून वर गेल्यावर मी धापा टाकत विचारलं. कडेवर केतकी, खांद्याला पिशवी, पिशवीत मधुबोल टॉनिकची चौथी बाटली. तळाशी दोन चमचे उरलेली.

दारातल्या गृहस्थांनी कानांवरचे हेडफोन गळ्यात उतरवले. पन्नाशीचे असतील. मेंदीनं रंगवलेली दाढी, हातात सूप आणि सुपात मूठभर ज्वारी.

“कोण चिमी?”

“रेडिओवरची. मधुबोलच्या जाहिरातीतली.”

त्यांनी सुपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग आत मान वळवून म्हणाले, “कुंदाताई, तुमच्या लेकीची चौकशी करत कुणीतरी आलंय.”

“कुठल्या लेकीची?” आतून आवाज आला. “या महिन्यात तीन झाल्यात मला.”

तोच आवाज. मी तो कुठंही ओळखला असता. चार महिने रोज सकाळी आठला आणि रात्री आठला ऐकत होते. माझ्याच वयाच्या, माझ्यासारखीच काळजी करून झालेल्या आणि आता सुटलेल्या बाईचा आवाज. फक्त पडदा सरकवून जी बाई बाहेर आली तिचे केस पांढरे होते, चष्मा साखळीला लटकत होता आणि हातात शेंगदाण्याचा लाडू होता.

ही दोन हजार नऊमधली गोष्ट. केतकी तेव्हा दोन वर्षं सात महिन्यांची होती आणि बोलत नव्हती.

अगदीच नाही असं नाही. माझ्याकडे एक वही होती, तिच्यात मी तिचे शब्द तारखेनिशी लिहायचे. बाबा. मम. बू. मामा. आंबा नाही, नुसतं ‘अंबा’ असं काहीतरी. असे नऊ शब्द झाले होते आणि पाच महिने वहीत नवीन काही आलं नव्हतं. शेजारच्या घरातला तिच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान मुलगा ‘काकू, केतकी कुठंय?’ म्हणत दारात उभा राहायचा, तेव्हा मी हसून त्याला बिस्किट द्यायचे आणि आत जाऊन वही उघडायचे.

सासूबाईंना काळजी नव्हती. “आमचा सुहास तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता,” त्या म्हणायच्या. “आता ऐकतोय का गप्प बस म्हटलं तर?”

सुहास, माझा नवरा, हसायचा. तो वीज मंडळात होता. संध्याकाळी आला की जिन्यातूनच त्या खर्जातल्या आवाजात “केतू” म्हणायचा आणि ती हातातलं टाकून धावायची. मी हाक मारली की वळायची नाही. दोनदा, तीनदा मारली तरी नाही.

“बापाची लाडकी आहे,” सासूबाई म्हणायच्या.

हे वाक्य मला कुठं लागायचं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दिवसभर मीच तिच्याबरोबर असायचे. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी असेल की पोरीला माझ्याकडे बघावंसं वाटत नाही.

कान तपासावेत असं माझ्या मनात दोनदा येऊन गेलं होतं. पण कानाचं काही असतं तर ती जाहिरात ऐकून धावली नसती. आमच्या स्वयंपाकघरात रेडिओ दिवसभर चालू असायचा. गाणी लागोत, बातम्या लागोत, केतकी लक्ष द्यायची नाही. पण मधुबोलची जाहिरात लागली, की असेल त्या खोलीतून यायची आणि रेडिओच्या जाळीवर तळहात टेकून उभी राहायची.

जाहिरात अशी होती. आधी काळजाचे ठोके, ढब, ढब, ढब. मग एक भारदस्त पुरुषी आवाज, सावकाश: “आई... तुमचं बाळ बोलतंय ना?” मग काहीच नाही. दोन सेकंद पूर्ण शांतता. आणि मग अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखी ती बाई: “आमची चिमी अडीच वर्षांची झाली तरी गप्पच. मग मधुबोल सुरू केलं. आणि आता? आता गप्प बस म्हणावं लागतं.” मागे लहान मुलीचं खळखळून हसणं.

मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते, पहिल्या वर्गात. जाहिराती माणसाच्या मनावर कसा ताबा मिळवतात यावर आम्हाला एक अख्खं प्रकरण होतं. परीक्षेत त्यावर बारा मार्कांचं उत्तर लिहून मी साडेनऊ मिळवले होते. आणि तरीही त्या दोन सेकंदांच्या शांततेत माझ्या हातातला चमचा थांबायचा. दुसऱ्याच आठवड्यात मी पहिली बाटली आणली.

चौथी संपत आली तेव्हा मी रेडिओ स्टेशनला फोन केला. जाहिरातीतल्या बाईंना भेटायचं आहे म्हटल्यावर पलीकडची मुलगी जरा गोंधळली, मग म्हणाली, “जाहिराती आम्ही करत नाही हो, नुसत्या लावतो. त्या मिरजेत इलाहीभाईंकडं होतात. सतारीच्या दुकानांच्या गल्लीत विचारा.”

सांगलीहून मिरज बसनं अर्ध्या तासाचं. घरी मी दवाखान्यात जाते म्हणून सांगितलं. गल्लीत छपरांवर तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडले होते, पिवळे, पोट सुटलेल्या माणसांसारखे. एका दुकानदारानं जिन्याकडे बोट दाखवलं.

आता ती चिमीची आई माझ्यासमोर लाडू खात उभी होती.

“बसा की,” इलाहीभाई म्हणाले. खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या होत्या. मध्ये काच, काचेपलीकडे माइक. एका कोपऱ्यात मोठी पत्र्याची पेटी, तिच्यात करवंट्या, घुंगरं, कुलपं, पितळी घंटी, तुटकी छत्री, काय काय होतं. केतकीला मी खाली सोडलं तशी ती थेट त्या पेटीकडे गेली.

“अगं, हात लावू नको,” मी म्हटलं. ती वळली नाही.

“असू दे ओ. तिथं मोडायचं राहिलेलं काही नाही,” इलाहीभाई म्हणाले. “पाऊस पाडत होतो जरा. सुपात ज्वारी फिरवली की पाऊस.”

“आणि खरा पाऊस?” माझ्या तोंडून गेलं.

“खरा पाऊस रेडिओवर भजी तळल्यासारखा वाजतो. तो आम्ही भज्यांच्या जाहिरातीला वापरतो.” ते गंभीरपणे म्हणाले. “खरा असून चालत नाही इथं. पटायला लागतो.”

कुंदाताई चष्मा पुसत माझ्याकडे बघत होत्या. “काय काम होतं, बाळ?”

मी वाटेत वाक्य तयार करून ठेवलं होतं. ते सगळं विसरून मी पिशवीतून बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

“तुमच्या चिमीला किती बाटल्या लागल्या होत्या?”

इलाहीभाईंनी सूप हळूच खाली ठेवलं, ज्वारी वाजू नये अशा बेतानं.

“आमची ही चौथी आहे,” मी सांगत सुटले. “तिला ऐकू वगैरे सगळं येतं, फक्त बोलत नाही. चौथीनंतर फरक पडतो का सहावीनंतर, एवढंच विचारायचं होतं. म्हणजे तुमचा अनुभव. दुकानदार म्हणतो नेटानं द्या, पण तो विकणाराच ना. तुम्ही आई आहात, तुम्ही खरं सांगाल.”

“मला मूल नाही गं,” कुंदाताई म्हणाल्या. “लग्नच केलं नाही मी.”

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. जाहिरातीत बोलणारी माणसं पैसे घेऊन बोलतात हे शाळेतल्या मुलालाही कळतं. पण कळणं एकीकडे राहतं आणि आवाज दुसरीकडे जाऊन बसतो.

“मग ते हसणं?” मी विचारलं. “चिमीचं?”

“माझ्या भाचीचं,” इलाहीभाई म्हणाले. “गुदगुल्या केल्या होत्या. ती आता दहावीला आहे.”

“तुम्हाला काही वाटत नाही?” माझा आवाज चढला. “मी रोज तुमच्या आवाजावर विसंबून तिला पाजते आहे.”

कुंदाताईंनी उरलेला लाडू कागदात गुंडाळून ठेवला. “एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी,” त्या म्हणाल्या. “तिथं निदान पलीकडून ‘हॅलो’ यायचं. इथं काचेसमोर उभी राहते, इलाही बोट वर करतो, मी बोलते. पलीकडं कुणी उभं आहे हेच विसरायला होतं. आजपर्यंत कुणी विचारायला आलं नव्हतं.” मग जरा थांबून, “भीती मी घालत नाही. ती तो घालतो, पुरुषी आवाजवाला. मी फक्त सुटका करायला येते. असं मी स्वतःला सांगत होते.”

मी उठले. पदरानं डोळे पुसले आणि केतकीला हाक मारली. तिनं पेटीतली करवंटी जमिनीवर आपटली, पुन्हा उचलली. पुन्हा हाक मारली. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती.

“थांबा जरा,” इलाहीभाई म्हणाले.

ते तिच्यामागे जाऊन उकिडवे बसले. पेटीशेजारी पडलेलं घुंगरू उचललं आणि तिच्या डोक्यामागे हलवलं. काही नाही. मग पितळी घंटी, हलकीशी. काही नाही.

“ती खेळात गुंग असली की अशीच करते,” मी म्हटलं.

इलाहीभाई उठले. कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या तबल्याचा डगा ओढला आणि त्यावर तळहात सोडला. धुम्म.

केतकी गर्रकन वळली.

“बघा, ऐकू येतं,” मी म्हणाले. “मी म्हटलं ना. तुमच्या जाहिरातीला तर धावत येते.”

“कुठल्या?”

“याच. मधुबोलच्या.”

“त्यातल्या कशाला?”

प्रश्न माझ्या लक्षातच आला नाही. “म्हणजे?”

“जाहिरात म्हणजे एक आवाज नसतो ओ ताई. आम्ही चार आवाज एकावर एक रचतो. ठोके वेगळे, माणूस वेगळा, कुंदाताई वेगळ्या, हसणं वेगळं. ती कशाला धावते?”

ते यंत्रापुढे जाऊन बसले. बटणांच्या रांगा सरकवल्या. “आधी सगळी लावतो.”

ढब, ढब, ढब. केतकी करवंटी टाकून उठली आणि भिंतीवरच्या स्पीकरकडे गेली. हात पुरेना म्हणून टाचा उंच केल्या. मला जरा हायसं वाटलं, हुशार विद्यार्थिनीच्या आईसारखं.

“आता ठोके काढतो. त्या माणसालाही काढतो. कुंदाताईंच्या आवाजाचा जाड भाग काढून नुसता बारीक ठेवतो.”

केतकी पुन्हा पेटीशी गेली होती. स्पीकरमधून कुंदाताईंचा आवाज आला, पातळ झालेला, पण शब्द न् शब्द स्वच्छ. आमची चिमी अडीच वर्षांची झाली तरी गप्पच. केतकी छत्रीची काडी उघडत-मिटत होती. आणि आता? आता गप्प बस म्हणावं लागतं. हसणं खळखळलं. केतकी काडी उघडत-मिटत होती.

“मोठ्यानं लावा,” मी म्हणाले.

त्यांनी मोठ्यानं लावलं. कुंदाताईंनी कानांवर हात ठेवले. केतकीनं जांभई दिली.

“आता नुसते ठोके.”

ढब.

ती उठली, हसली आणि स्पीकरकडे धावली.

मी खाली बसले. वही डोळ्यांपुढे उघडली होती. बाबा, मम, बू, मामा. सगळे गोल, जाड शब्द. सुहासचा खर्ज. आणि माझा आवाज, ज्याला कॉलेजात मैत्रिणी चिमणीचा म्हणायच्या.

“मी डॉक्टर नाही,” इलाहीभाई माझ्याकडे न बघता म्हणाले. “पण आमचे अब्बा तंबोऱ्याला जवारी लावायचे. तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, असा केसभर. नाही लावला तरी तार वाजते. लावला की तिच्यातून तो बारीक झणत्कार उठतो, ज्याच्यासाठी माणूस तंबोरा घेतो. लहानपणी अब्बा मला पाठ करून बसवायचे आणि विचारायचे, आता आली का? आता?” त्यांनी बटणं एकेक करून खाली ओढली. “तुमच्या पोरीला तार ऐकू येतीय. जवारी ऐकू येत नसावी. असं मला वाटतं. कान दाखवा. आजच दाखवा, इथं मिरजेतच.”

“मी येते बरोबर,” कुंदाताई म्हणाल्या आणि पर्स उचलली. माइकपुढच्या स्टँडवर कागद लावलेला होता. तो काढून त्यांनी घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

“ताई, तो उद्याचा आहे,” इलाहीभाई म्हणाले. “चिमी शाळेत कविता म्हणते, तो भाग. मधुबोलवाली पार्टी उद्या येणार आहे.”

“त्यांना सांग, चिमीच्या आईचा घसा बसलाय.”

“किती दिवस बसलाय म्हणून सांगू?”

“कायमचा.”

तपासणीला पुढं दोन खेपा लागल्या. बेरा नावाची तपासणी होती, केतकीला झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा चिकटवून. त्या दिवशी मी तिच्या उशाशी बसून छताचा पंखा मोजत होते, म्हणजे त्याचे फेरे. कानाच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्याहून लहान असाव्यात. त्यांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. सुरुवातीला वरच्या बाजूनं चालणारी आणि मग जिन्यावरून घसरल्यासारखी खाली गेलेली.

“जाड आवाज बऱ्यापैकी येतात. बारीक जवळजवळ नाहीत. दोन्ही कान,” त्या म्हणाल्या. “म्हणून घरात कुणाला कळत नाही. दार आपटलं की मूल वळतं, ट्रक गेला की वळतं. सगळ्यांना वाटतं ऐकू येतंय. पण तिला आपलं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं येत असणार.”

“मी चार महिने औषध पाजत बसले,” मी म्हटलं.

“चार महिनेच गेलेत. कानाची यंत्रं लावू. बोलायला शिकवू, ते तुम्हालाही शिकावं लागेल. वेळ लागेल.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “पण वेळ आहे तिच्याकडे.”

घरी सांगितल्यावर सुहासनं कागदावरची ती रेघ बोटानं गिरवून पाहिली. मग केतकीजवळ जाऊन त्यानं अगदी बारीक आवाज काढून “केतू” म्हणून बघितलं. ती वळली नाही. त्यानं पुन्हा काढला, आणखी बारीक. मला तो आवाज ऐकवेना, मी आत गेले. सासूबाई बाटली घेऊन मोरीपाशी उभ्या होत्या.

“तुळशीला घालू का हे?”

“नको आई. मोरीत ओता.”

“बरं,” त्या म्हणाल्या. ओतून झाल्यावर बाटली दोनदा विसळली. “बापाची लाडकी म्हणायचे मी,” त्या नळाकडे बघत म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या केतकीसमोर बसून, चेहरा दाखवून, हातानं हनुवटी वळवून बोलायला लागल्या. डॉक्टर बाईंनी सांगायच्या आधीच.

यंत्रं आली त्याच्या आदल्या आठवड्यात मी पेढे घेऊन पुन्हा तो जिना चढले.

“बरं झालं आलात,” इलाहीभाई म्हणाले. “आवाज हवाय मला.”

“कुणाचा?”

“तुमचा.”

रेडिओवाल्यांशी त्यांचं बोलणं झालं होतं. लोकांच्या उपयोगाचं काही असलं तर दुपारच्या वेळात तीस सेकंद फुकट मिळत होते. कागद कुंदाताईंनी लिहून ठेवला होता.

“तुम्हीच बोला ना,” मी त्यांना म्हणाले. “तुमचा आवाज लोकांना पटतो. माझा चिमणीसारखा आहे.”

“माझा घसा बसलाय,” त्या म्हणाल्या. “आणि चिमणीसारखाच हवाय. जाड असून काय उपयोग?”

काचेपलीकडे मी उभी राहिले. हातातला कागद सळसळत होता आणि ती सळसळ माइकमध्ये जात होती. इलाहीभाईंनी आत येऊन कागद काढून घेतला आणि समोर टांगला. मी वाचलं. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत वाचावं तसं, शेवटच्या शब्दावर जोर देत.

“सभेला बोलतेस का?” कुंदाताईंचा आवाज स्पीकरमधून आला. “समोर माणसं बसवू नकोस. एकच बाई बसव. ती काय करतेय ते बघ. तिचे हात कशात आहेत ते बघ. मग तिला सांग.”

“घाबरवू का तिला? ठोक्यांसारखं काही?”

“ठोके नाहीत,” इलाहीभाई म्हणाले. “भीती घातली की माणूस बाटली आणायला पळतो. हिला काम द्यायचं. हातात, लगेच करता येईल असं. बांगड्या आहेत ना?”

होत्या. लग्नातल्या काचेच्या, दोन्ही हातांत सहा-सहा. त्यांनी पेटीतल्या आठ-दहा जोड्या वाजवून पाहिल्या होत्या, पण त्यांना त्या पटल्या नव्हत्या. माझ्या मनगटाशी माइक आणला आणि म्हणाले, “कणीक मळताना वाजतात तशा.”

मी डोळे मिटले. समोर एकच बाई बसवली. मला तिला शोधावं लागलं नाही. ती ओट्याशी उभी होती, सकाळचे आठ, एका हातात चमचा, दुसऱ्या हातानं लेकीचं तोंड उघडत. मी बांगड्या वाजवल्या आणि तिला सांगितलं:

“हा आवाज तुम्हाला ऐकू आला. आता बाळाच्या मागे उभ्या राहा, आणि तुमच्या बांगड्या वाजवा.”

मग शांतता. इलाहीभाईंनी ती दोन नाही, चार सेकंदांची ठेवली. तेवढ्यात उठून बाळाच्या मागे जाता येतं, असा त्यांचा हिशेब.

“वळलं? छान. नाही वळलं? उद्या पुन्हा करून बघा, परवा पुन्हा. तरीही नाही, तर कान दाखवून घ्या. लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं. मी एक आई आहे. माझ्याही लेकीचं असंच झालं होतं.”

डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडे कुंदाताई माझ्याकडे बघत नव्हत्या. चष्मा काढून, डोकं टेबलावर टेकून त्या ऐकत होत्या, एक्स्चेंजमध्ये बसल्यासारख्या.

“झालं,” इलाहीभाई म्हणाले. “आता पुन्हा एकदा. ‘मी एक आई आहे’ म्हणताना तुम्ही माफी मागितलीत. मागू नका.”

यंत्रं लागल्यावर चमत्कार वगैरे झाला नाही. केतकीनं ती पहिल्या दिवशी तांदळाच्या डब्यात टाकली, तिसऱ्या दिवशी शेजारच्या कुत्र्याच्या कानाला लावायचा प्रयत्न केला. कुकरची शिट्टी झाली तेव्हा ती एवढी रडली की आम्ही दोन दिवस भात उघड्या पातेल्यात केला. नळ, फोडणी, वर्तमानपत्राची घडी, सगळ्याला ती दचकायची आणि आवाज कुठून आला हे तिला कळायचं नाही. डोकं इकडं तिकडं फिरवून मग ती हाताला लागेल त्यानं तोंड झाकून घ्यायची. मी हाक मारली तर दचकायची, पण माझ्याकडे बघायची नाही. छताकडे बघायची.

“शिकेल,” डॉक्टर बाई म्हणायच्या. “आवाज आणि माणूस जोडायला वेळ लागतो.”

मी नव्या वहीत तारखा घालत होते. शब्दांच्या नाही. कशाला दचकली त्याच्या.

सोळा दिवस झाले होते. दुपारचे अडीच. मी परातीत कणीक मळून मुरायला ठेवली होती आणि हात तसेच पिठाचे धरून पोळपाट कुठं गेला ते शोधत होते. सासूबाई लसूण सोलत होत्या. केतकी ओट्याखाली वाट्या रचत बसली होती. गाणं संपलं आणि रेडिओवर काहीतरी किणकिणलं.

माझ्याच बांगड्या. मला ओळखायला एक क्षण लागला.

“अगं, तू,” सासूबाई म्हणाल्या. सोलत होत्या ती पाकळी त्यांच्या हातात तशीच राहिली.

केतकीनं डोकं वर केलं. वाटी हातातच होती. रेडिओतून माझा आवाज येत होता, आता बाळाच्या मागे उभ्या राहा, आणि तिनं रेडिओकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पुन्हा बांगड्या वाजल्या नाहीत. इलाहीभाईंची ती चार सेकंदांची शांतता सुरू झाली होती. मी हललेही नाही. माझ्या हातातल्या बांगड्या पिठाच्या वर कोपरापर्यंत सारलेल्या, घट्ट बसलेल्या, गप्प होत्या.

ती वाटी ठेवून उठली. रेडिओजवळून पुढं गेली, जाळीला हात न लावता. माझ्यापाशी येऊन थांबली, माझा पिठाचा हात दोन्ही हातांनी धरला, बांगड्या ओढून मनगटावर आणल्या आणि हात हलवला. आवाज आला तसं तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मग पुन्हा हलवला.